कड दाखव

मी खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा कुठे असतो हेही विचारलं नाही. या शेवटच्या प्रश्नावर तिरोड्यातल्या बऱ्याच ओसऱ्यांवरून मी परत आले होते, म्हणून एक उत्तर घोकून गेले होते. ते वाया गेलं. ते खाटेवर बसले होते. माझ्या तोंडाकडे न बघता खांद्यावरच्या पर्सकडे बघून म्हणाले, "दाखव."

मी पर्स दिली. त्यांनी ती नाकाला लावली, नखाने खरवडली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"रेक्झीन होय. कडेले पहा, पोपडे निघून राहिले. पण हा पट्टा तू शिवला?"

"हो. तुटला होता."

"एका सुईनं शिवला."

"सुई एकच असते ना, काकाजी."

"म्हणून उसवन," असं म्हणून त्यांनी आतून किल्ली आणली.

पट्टा महिन्याभरात उसवला. तोवर त्यांच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास सुरू झाला होता, आणि मागच्या खोलीत काय चालतं ते मला समजलं होतं. मागच्या खोलीत ते चामडं शिवत.

गावात त्यांना ढोर डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून सालेकसा, दरेकसा या जंगलपट्ट्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिकडे खरा डॉक्टर क्वचित पोचायचा, त्यामुळे अस्वलाने फाडलेल्या म्हशी आणि शिंगं लागलेले बैल यांनीच शिवले. चामड्याचं वेड कसं लागलं, असं कोणी विचारलं की म्हणत, "नोकरीभर जित्या कातड्याले टाके घातले. ते एक जागी उभं राहत नाही. हे राहते."

निवृत्तीच्या वेळी ऑफिसने त्यांना बॅग दिली होती. तिचा धरायचा कान तुटला. ते स्टेशनच्या रस्त्यावरच्या चर्मकाराकडे गेले, त्याने कान शिवला, आणि हे तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला शिकव. तो माणूस काय बोलला ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची काहीही भर न घालता.

"डॉक्टरसाहेब, माझ्या पोरायनं हे सोडावं म्हणून मी हाडं झिजवली, आन तुमी शिकाले येऊन राहिले. तुमी केलं त शौक होते. आमी केलं त जात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? बरोबर बोलला तो. उठून आलो."

पण नाद सुटला नाही. एक जुनी रापी कुठून तरी मिळवली. रापी म्हणजे चामडं सोलून पातळ करायची रुंद पात्याची सुरी. जेवायच्या काट्याचे दात कानशीने घासून टाक्यांच्या खुणा करायचं हत्यार केलं. बैलगाडीच्या मोडक्या लाकडाचा उंच चिमटा केला. तो दोन गुडघ्यांत धरायचा, त्याच्या तोंडात चामडं अडकवायचं, म्हणजे दोन्ही हात सुयांना मोकळे. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून एक इकडून जाणार, एक तिकडून. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. हे त्यांनी मला निदान शंभरदा दाखवलं. मी शिकले नाही. मला क्लास होता.

टाक्यांपेक्षाही त्यांचा जीव कडेवर होता. चामडं कापलं की कडेला त्याचे तंतू दिसतात, खरबरीत. ती घासायची, ओली करायची, लाकडाने रगडायची, मेण लावायचं, पुन्हा रगडायची, काचेसारखी होईपर्यंत. सालेकशाकडचे गोंड लोक मध काढतात, त्यांच्याकडून ते मेणाच्या वड्या आणत. पुढे पुढे त्यांना प्रत्येक वस्तूची फक्त कडच दिसायला लागली. पोळीची कड, दाराची कड. माझ्या क्लासच्या पोरांच्या सर्टिफिकेटांना लॅमिनेशन करून आणलं की "कड दाखव" म्हणून हात पुढे करायचे, अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "सुटन." क्लासमधले पोट्टे त्यांना कडबाबा म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं असं वाटतं.

रस्त्याने चालताना ते माणसांच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे आणि कमरेकडे बघत. एका लग्नात स्टेजवर चढून आहेर द्यायच्या आधी त्यांनी नवरदेवाला विचारलं, "पट्टा कुठून घेतला? पुठ्ठा होय तो." नवरदेवाचा बाप रागावला. हे खाली उतरले आणि न जेवता घरी आले. ते रुसले नव्हते. पट्टा बघून झाल्यावर त्या लग्नात त्यांना बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ते जातीने पोवार. पाच-सहा कोसांवर गाव, धानाची शेती, धाकटा भाऊ शेती बघायचा. बायको मी येण्याआधीच गेली होती, मुलगा नागपूरला नोकरीत. चामड्याचं कळलं तेव्हा भाऊ एकदा आला. मी पुढच्या खोलीत होते, दार उघडं होतं.

"दादा, ढोरं शिवली तोवर ठीक होतं. आता कातडं शिवून राहिला. पोरीले पाहाले पाहुणे येतात. त्यायले काय सांगू?"

"सांग, येऊन कड पाहून जा म्हणा."

"मस्करी नको करू."

"मस्करी कायची? चांगली कड हाय."

भावाने चहा घेतला नाही. त्यानंतर त्या घरी चहा घेणारी मी एकटीच राहिले. भांडी घासायला येणारी बाई यायची थांबली. तिने कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ते स्वतः भांडी घासू लागले. तरी दुपारी चहा ठेवताना दोन कप काढत. मी क्लासमध्ये अडकले असले तर दुसरा कप तसाच पालथा राहायचा.

मागच्या खोलीत खिळ्यांवर पट्टेच पट्टे लटकत. त्यांची स्वतःची कंबर एकच. पाकिटं, चष्म्याची घरं, किल्ल्यांच्या पिशव्या. देवळात जाणाऱ्या बायका चामड्याची पर्स घेत नसत, आणि बाकीच्यांना द्यायला गेलं तर लोक हसून म्हणत, "राहू द्या काकाजी, आहे आमच्याकडं." मुलाला दिलेलं पाकीट दिवाळीला पुन्हा याच घरात दिसलं, ज्या कागदात गुंडाळून दिलं होतं त्याच कागदात. अख्ख्या मुलखात त्यांचं काम वापरणारे फक्त भावाचे बैल होते. माणसं येईनाशी झाली तरी बैलांच्या गळ्यातले पट्टे भावाने काढले नाहीत. मजबूत होते.

इंटरनेट आलं तेव्हा मी दोन कॉम्प्युटरांवर तेही सुरू केलं. एका दुपारी ते चप्पल बाहेर काढून आत आले आणि म्हणाले, "यात चामडं असते का?"

मी शोधून दिलं. असतं. जगभर असतं. भारतातल्याही पंधरा-वीस लोकांचा ईमेलवर एक ग्रुप होता. कोणी बँकेत, कोणी फौजेतून निवृत्त, कोइमतूरचे एक दाताचे डॉक्टर सगळा ग्रुप सांभाळत. सगळे हौसेने चामडं शिवणारे. कोणी कोणाची जात विचारत नव्हतं, कारण सगळं बोलणं सुया, मेण आणि दोरा याबद्दलच चालायचं. त्या दिवसापासून रोज दुपारी, क्लास रिकामा असताना, ते माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसत. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण लिहायला मी.

"लिही. मेण कोणतं वापरता?"

"आधी नमस्कार वगैरे लिहू का?"

"मेण विचाराले नमस्कार कायले?"

उत्तर आलं की मी वाचून दाखवायची. ते पुन्हा वाचायला लावायचे. मग वीज जायची. त्या काळात वीज रोज जायची आणि कधी येईल ते कोणाच्या हातात नसायचं. ते स्टुलावरून हलत नसत. अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसून राहत, म्हणत, "येईन."

ग्रुपमध्ये त्यांचं नाव झालं ते काळ्या रंगामुळे. जंगलपट्ट्यात फिरताना त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात घालून मडकं तीन आठवडे झाकून ठेवायचं. ते घाण वासाचं पाणी झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यावर लावलं की डोळ्यांदेखत चामडं काळं होतं. रंग वरून बसत नाही, आतूनच काळं पडतं, म्हणून कधी उडत नाही. फक्त एक काळजी घ्यायची. रंगवून झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं. नाही धुतलं तर गंज आत जिवंत राहतो, आणि ओल लागली की जिथे लावला नाही तिथेही पसरतो. ही कृती पाठवल्यावर ग्रुपमधल्या लोकांनी मडकी घातली. त्यांच्या घरच्यांनी त्या वासावर काय म्हटलं तेही लिहिलं. प्रत्येक ईमेलच्या शेवटी नावाऐवजी ते मला एकच वाक्य टाकायला लावत: सोडा विसरू नका. तिरोडा गोंदिया जिल्ह्यात, म्हणून ते लोक त्यांना गोंदिया अंकल म्हणू लागले. तिरोड्यात त्यांच्याशी बोलणारी मी, आणि मीही भाडेकरू. बाकी त्यांची सगळी माणसं त्या पडद्यात होती.

त्या ग्रुपचा एक फिरता डबा होता. पत्र्याचा, बिस्किटांचा असावा. त्यात सगळ्यांच्या वस्तू: चामड्याचे तुकडे, एखादं हत्यार, कोणी केलेलं लहानसं काम. डबा ज्याच्याकडे येईल त्याने एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि आठवडाभरात पुढच्याला पोस्टाने पाठवायचा. पार्सल कापडात शिवायचं असतंच, पण यांचा नियम असा की कापड फाडायचं नाही. टाके उसवायचे, तेच कापड पुन्हा शिवायचं आणि जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याचं ठिगळ लावायचं. डबा आमच्याकडे आला तेव्हा ती ठिगळं उशीसारखी जाड झाली होती.

धान निघून गेलं होतं, थंडी होती. त्यांनी टाके एकेक करून उसवले, झाकण काढलं आणि सगळ्या वस्तू खाटेवर धुतलेल्या चादरीवर मांडल्या. मला बोलावलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन सांगितलं की ही कोणाची असेल, कुठे हात घाईत होता, कुठे सुई बोथट होती. माणसं ओळखावीत तसं. मी एवढं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आठवडा गेला. डबा गेला नाही. महिना गेला. रोज कोणीतरी ईमेल पाठवायचं: गोंदिया अंकल, डबा निघाला का? हे मला लिहायला लावायचे, ठेवायची वस्तू तयार होते आहे. मग दुसरा कोणी विचारायचा, कोणती वस्तू? हे सांगायचे. त्यावर आणखी दोघे. होळी झाली. माझ्या क्लासच्या परीक्षा झाल्या. खाटेवरची चादर बदलली, वस्तू तशाच मांडलेल्या. रोज सकाळी ते त्या पुसत.

मला लपवून बोलता येत नाही. एकदा चहा घेता घेता म्हटलं, "काकाजी, डबा पाठवायचा नाही का?"

"ठेवाले काही नाही त्या तोडीचं."

"खोली भरली आहे."

"ते पट्टे होय."

"डबा इथे आहे तोवर रोज कोणीतरी विचारतं. गेला की विचारणार नाही. म्हणून ना?"

ते सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "मंग? त्यात खोटं काय हाय?"

"खोटं नाही. पण पुढचा माणूस वाट पाहतो आहे."

"त्याले घरी माणसं असन. पाहू दे."

पुढचा माणूस म्हणजे कोइमतूरचे डॉक्टर स्वतः. ते सज्जन होते, पण आखाड लागता लागता त्यांचाही धीर सुटला. त्यांनी सगळ्या ग्रुपला दिसेल असं लिहिलं. डबा सगळ्यांचा आहे. शनिवारपर्यंत पार्सल केल्याचं कळलं नाही, तर अंकलचं नाव नाइलाजाने यादीतून काढावं लागेल.

मी वाचून दाखवलं. त्यांनी या वेळी पुन्हा वाचायला लावलं नाही. उठले, मागे गेले. दोन दिवस मागच्या खोलीतून फक्त ठोकल्याचा आवाज.

त्यांनी डब्यात ठेवायला एक रापीचं म्यान केलं, चांगलंच होतं. पण जीव ओतला तो पत्त्यावर. आजवरची सगळी ठिगळं कापडाची होती. यांनी चामड्याचं केलं. तळहाताएवढ्या बदामी चामड्यावर कोइमतूरचा पूर्ण पत्ता इंग्रजीत दाबून उठवला आणि प्रत्येक अक्षरात बारीक कुंचल्याने आपला तो काळा रंग भरला. छापल्यासारखं दिसत होतं. पाठवणाऱ्याचा, म्हणजे स्वतःचा पत्ता पार्सलच्या खालच्या बाजूला एका लहान तुकड्यावर नुसता दाबला, रंग न भरता. "आपल्या नावाले रंग कायले?" शनिवारी सकाळी पार्सल शिवून झालं आणि मी स्कूटीवरून पोस्टात टाकून आले. ग्रुपला लिहिलं, डबा निघाला.

पाऊस चांगलाच लागला होता. पंधरा दिवसांनी पोस्टमन पार्सल घेऊन आला. गळक्या छताखाली पडून राहिल्यासारखं ओलं.

"काकाजी, पत्ता कुठं लिहिला होता? हे त नुसतं काळं ठिगळ होय. मागच्या बाजूले तुमचाच पत्ता दिसला, म्हणून वापस आणलं."

तो गेला. ते पार्सलकडे बघत राहिले. ठिगळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळंकुट्ट. अक्षरं हाताला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. स्वतःचा पत्ता मात्र स्वच्छ.

मला कळायला क्षणभर लागला. "सोडा?"

"धुतलं असतं त वाळाले दोन दिवस लागले असते," ते म्हणाले. "शनिवार होता. कडाही तशाच राहिल्या."

तोवर कोइमतूरचे डॉक्टर दोनदा विचारून थकले होते आणि ईमेल येणं बंद झालं होतं. नाव काढलं होतं. मी म्हटलं, "त्यात काय, आत्ता लिहिते. पाठवला होता, पावसात पत्ता काळा पडला, परत आला. पावतीचा फोटो जोडते. ऐकतील ते."

"काळा कसा पडला विचारतीन."

"सांगू."

"नाही."

"काकाजी, ते तुम्हाला डबाचोर समजत आहेत."

"समजू दे. चोर म्हटलं त चालन. सोडा विसरला म्हटलं त नाही."

मी भांडले. तासभर भांडले असेन. मी म्हटलं, बोलायला चार माणसं मिळाली होती, ती तुम्ही चिमूटभर सोड्यासाठी घालवता आहात. त्यांनी रापी घेऊन काळ्या ठिगळाचे टाके उसवले. डबा उघडला. आतलं म्यान बाहेर काढलं आणि त्या जागी ते काळं ठिगळ ठेवलं.

"ही माझी वस्तू," म्हणाले. "चिठ्ठी घालू नको. ज्याले समजाचं त्याले हात लावला का समजन."

या वेळी पत्ता मी बॉलपेनने कापडावर लिहिला.

उत्तर आलं नाही. मी रोज पाहायचे, ते विचारायचे नाहीत. दुपारी स्टुलावर येऊन बसत, मी काम करत असायची. आठवडाभर आले, मग तेही थांबलं. एकदा मागे डोकावले तर ते चिमटा गुडघ्यांत धरून नुसते बसले होते, त्याच्या तोंडात काहीच नव्हतं.

पोळ्याच्या आसपास मुलगा आला. तो दरवर्षी यायचा, नागपूरला चला म्हणायचा आणि हे नाही म्हणायचे. या वर्षी तो म्हणाला, "बाबा, फ्लॅट लहान आहे. हे सामान मात्र आणायचं नाही. तिला वास सहन होत नाही." हे म्हणाले, "ठीक हाय." मुलालाच आश्चर्य वाटलं. पट्टे भंगारवाल्याने नेले. बैलांसाठी भावाच्या माणसाने दोन घेतले. चिमटा मी ठेवून घेतला, कागद धरायला बरा पडतो, आणि कपाटावर राहिलेली मेणाची वडी. जाताना ते गाडीत बसले, खिडकीतून माझ्या पर्सकडे बघितलं. नवी होती. हात पुढे केला नाही.

नंतर गावाबाहेर मोठा वीज प्रकल्प आला, बाहेरची माणसं आली, माझा क्लास चालला. पूर्ण घरच भाड्याने घेतलं. दोन वर्षं गेली असतील. एका दुपारी पोस्टमनने पार्सल टाकलं. उशीसारखं जाड ठिगळ आणि वर कोइमतूरच्या डॉक्टरांच्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात: गोंदिया अंकल, आणि आमचा पत्ता. म्हणजे नाव पुन्हा यादीत होतं. कधी घातलं, कोणी घातलं, कोणी कळवलं नव्हतं.

मी टाके उसवले. सगळ्या वस्तू नव्या होत्या. एकच जुनी. काळं ठिगळ कोणी घेतलं नव्हतं, सगळीकडून फिरून आलं होतं. ते हातात घेतलं आणि माझा अंगठा आपसूक कडेवर गेला.

मी नागपूरला फोन लावला. सुनेने त्यांना दिला.

"काकाजी, डबा आला आहे. तुमचं ठिगळ आहे आत."

ते म्हणाले, "कड?"

"गुळगुळीत केली आहे कोणीतरी."

"मेणानं का पाण्यानं?"

"मला काय कळतं?"

"वास घे."

मी वास घेतला. "या बाजूला मेण आहे. दुसऱ्या बाजूला वास नाही."

"म्हणजे पाण्यानं. दोन माणसं होय. तिसरी?"

"तिसरीला लाल रंग लावून वर चमक दिली आहे."

"आन चौथी?"

"चौथी तशीच आहे. खरबरीत."

मला वाटलं फोन कटला. मागे टीव्हीचा आवाज येत होता म्हणून कळलं की चालू आहे.

"ती माझी," ते म्हणाले.

शनिवारी क्लास बंद ठेवून मी सकाळची गाडी धरली. पिशवीत डबा, चिमटा, सुया-दोरा आणि मेणाची वडी. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. ते फार वाळले होते. मला बघून "ये" म्हणाले नाहीत, हात पुढे केला. मी ठिगळ दिलं. त्यांनी पहिल्या तीन कडांवरून अंगठा फिरवला, एकेकीवर थांबत, आणि बाल्कनीत जाऊन बसले. सुनेने दार ओढून घेतलं, वासासाठी. मी काचेतून बघत होते. ते चिमट्याच्या लाकडावर कड एका लयीत रगडत होते. दुपार झाली. मी जेवले, सुनेशी बोलले. बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, "बाबा इथे काहीच बोलत नाहीत हो." मी म्हटलं, तुमच्या घरात त्यांना विचारण्यासारखं काही नाही.

त्यांनी दार वाजवलं तेव्हा ऊन उतरलं होतं. चौथी कड काचेसारखी. ठिगळ डब्यात ठेवून कापडही त्यांनीच शिवलं, दोन सुयांनी. पत्ता मी लिहिला, बॉलपेनने.

"सोमवारी सकाळीच पाठव," ते म्हणाले. "थांबवू नको."

"नाही थांबवणार."

"पुन्हा किती दिवसानं येईन?"

"ग्रुप वाढला आहे, काकाजी. तीन-चार वर्षं तरी."

"हं," ते म्हणाले. मग माझी पर्स ओढून घेतली, पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि परत दिली. "पुठ्ठा."

गाडीची वेळ झाली होती. मी डबा, चिमटा, सुया पिशवीत भरल्या. मेणाची वडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली होती. सून चहाचे कप उचलत होती. खिशातली वडी मला दिसली आहे, हे त्यांनाही दिसलं. मी पिशवीची चेन लावली आणि निघाले.